ऑनलाइन दुकानासाठी हळद देताना : नोंदणी, नमुना, लॉट आणि पैसे



हा मेसेज नेहमीच्या हवामान-फवारणीच्या मेसेजपेक्षा मोठा आहे. सवडीने वाचा, घरात वाचून दाखवा आणि डिलीट करू नका. काढणीनंतर पुन्हा लागेल.

हळद काढणी तोंडावर आली आहे. या हंगामापासून कंपनीच्या ऑनलाइन दुकानासाठी लागणारा माल फक्त 'पुरवठादार' म्हणून नोंदणी केलेल्या सभासदांकडूनच घेतला जाईल. बरेच जण विचारतायत, "शेअर घेतला तेव्हा कागदं दिलीच होती की, आता पुन्हा कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर गेल्या पावसाळ्यात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

श्रावणात पुण्याच्या एका ताईंनी पाकिटाचा फोटो पाठवला. पावडरीचे खडे झाले होते, वास कुबट होता. आम्हाला वाटलं, त्यांच्याच स्वयंपाकघरात ओल लागली असेल. पण त्याच आठवड्यात आणखी चार तक्रारी आल्या, आणि पाचही पाकिटं एकाच दळणाची निघाली. त्या दळणात अकरा सभासदांची कांडी एकत्र ओतलेली होती. कोणाच्या कट्ट्यात ओल होती हे शोधायला आपल्याकडे काहीच नव्हतं. वजनाच्या पावत्या होत्या, पण कोणता कट्टा कोणत्या दळणात गेला याची नोंद नव्हती. शेवटी त्या दळणाचा सगळा माल परत मागवला, गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. दहा जणांचा चांगला माल एका जणाच्या ओल्या मालाबरोबर गेला.

पैशाचं नुकसान कंपनीने सोसलं. पण गावात जे झालं ते जास्त वाईट होतं. हा त्याच्यावर संशय घेतोय, तो ह्याच्यावर. दोन सभासद तर अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत. कट्टा कोणाचा होता हे आजही माहीत नाही, आणि ज्याचा होता त्यालाही बहुधा माहीत नसेल. चूक आमची होती. माल घेताना आम्ही वजन लिहिलं, पण तो पुढे कुठे गेला ते लिहिलं नाही.

*मोंढा आणि मोबाइल*

मोंढ्यात व्यापारी ढिगासमोर उभा राहतो. कांडी मोडून बघतो, वास घेतो, मग बोली लावतो. त्यानंतर माल खराब निघाला तर ते त्याचं नशीब. तुमची पट्टी झाली की तुम्ही मोकळे. ऑनलाइन दुकानात गिऱ्हाईक फक्त फोटो बघतं आणि आधी पैसे भरतं. माल हातात येतो तो चार-पाच दिवसांनी. व्यापाऱ्याचा हात जी तपासणी करतो, ती इथे पाकीट बंद होण्याआधी आपल्यालाच करावी लागते. वाईट निघालं तर गिऱ्हाईक परत पाठवतं, वर एक स्टार देऊन चार ओळी लिहितं, आणि त्या ओळी पुढची सगळी गिऱ्हाइकं वाचतात. त्यात तुमचं नाव नसतं, कंपनीचं असतं, म्हणजे सगळ्या सभासदांचं.

शिवाय कायदाही आहे. पाकिटावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, लॉट नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कोणत्या मुदतीपर्यंत वापरावं, तक्रारीचा पत्ता हे सगळं छापावं लागतं. असुरक्षित माल बाजारातून परत मागवायचे नियम २०१७ पासून लागू आहेत. लॉट नंबर नुसता छापून भागत नाही, त्या नंबरावरून माल कुठून आला हे सांगता आलं पाहिजे.

*कागदं कोणती*

सातबारा, आठ-अ, आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि ई-पीक पाहणीची नोंद. शेतकरी ओळख क्रमांक काढला असेल तर तोही द्या. आधारची झेरॉक्स देताना शक्यतो पहिले आठ आकडे झाकलेली प्रत द्या आणि तिच्यावर "फक्त पुरवठादार नोंदणीसाठी" असं लिहून सही करा. ही सवय सगळीकडेच ठेवा. नोंदणीला एक रुपयाही फी नाही. कंपनीचा कोणीही माणूस फोनवर ओटीपी मागणार नाही. मागितला तर तो आपला माणूस नाही.

सातबारा वडिलांच्या नावावर आणि शेती मुलगा बघतो, किंवा जमीन नवऱ्याच्या नावावर आणि हळदीचं सगळं काम ताई करतात, असं बऱ्याच घरांत आहे. त्यासाठी संमतिपत्राचा एक कागद केंद्रावर ठेवला आहे. पैसे कोणाच्या खात्यात जातील ते त्यात आधीच लिहायचं. नंतर भांडण नको.

ई-पीक पाहणी का मागतो? तुमच्या नावावर हळद किती क्षेत्रात आहे हे त्यातून कळतं. एका एकराची नोंद असताना तीन एकरांचा माल आला तर आम्ही विचारणार. शेजाऱ्याची, पाहुण्याची हळद आपल्या नावावर आणून देणं हा आपल्याकडे सगळ्यात सर्रास चालणारा प्रकार आहे. त्यात कोणाला वाईट वाटत नाही, उलट शेजारधर्म वाटतो. पण त्या शेजाऱ्याने कोणती फवारणी कधी केली, हळद कुठे वाळवली, हे तुम्ही सांगू शकत नाही आणि सही मात्र तुमची असते. शेजाऱ्याला मदतच करायची असेल तर त्याला सभासद करून घ्या.

*नमुना : इथे घाई करू नका*

शिजवून, वाळवून, पॉलिश झालेली कांडी तयार झाली की केंद्राला कळवा. माल घेऊन यायचं नाही, आमचा माणूस तुमच्याकडे येईल. परखीने प्रत्येक कट्ट्यातून वरून, मधून आणि खालून थोडा माल काढला जाईल, एकत्र केला जाईल आणि त्याच्या तीन पिशव्या होतील. तिन्हींवर तुमची आणि त्याची सही, तारीख, कट्ट्यांची संख्या. एक पिशवी तुमच्याकडे, एक कंपनीकडे, एक प्रयोगशाळेसाठी.

तुमची पिशवी जपून ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. ती तुमची बाजू आहे. उद्या कंपनी म्हणाली की तुमचा माल खराब होता, तर तुम्ही ती सीलबंद पिशवी पुढे ठेवू शकता आणि पुन्हा तपासणी मागू शकता. लोक काय करतात, चांगला नमुना दिसला की घरच्या डब्यात ओततात. मग वाद झाला की हातात काही राहत नाही. आणि नमुन्यासाठी वेचून-वेचून चांगली कांडी काढून ठेवू नका. नमुना एक आणि माल दुसरा असं निघालं तर नुकसान तुमचंच आहे, कारण माल आल्यावर पुन्हा परखी लागणार आहे.

तपासतो ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी.

पहिली ओल. कायद्याने अख्ख्या हळदीत १२ टक्के आणि पावडरीत १० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. आपण कांडीच १० टक्क्यांच्या आत घेणार आहोत, कारण दळल्यावर पावडर हवेतली ओल ओढते आणि पाकीट पावसाळ्यात मुंबईला जाऊन पडणार असतं. ओल राहते ती कशाने, तर जाड आणि बारीक कांडी एकत्र वाळवल्याने. बारीक कडक होते, जाड वरून वाळलेली दिसते आणि आत ओली असते. बंडा वेगळा, कांडी वेगळी, आणि कांडीतही फार जाड असेल ती वेगळी वाळवा. ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर, रोज हलवणं, रात्री दव पडायच्या आत झाकणं. साधारण बारा ते पंधरा दिवस ऊन लागतं. मजूर सुटतात म्हणून दहाव्या दिवशी उचलू नका. सगळ्यात जाड कांडी मोडून बघा. कडकन आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून वेळ आहे.

दुसरी गोष्ट रंग. पॉलिश करताना ड्रममध्ये पिवळा रंग टाकायची कोणाची सवय असेल तर ती आजच बंद करा. मोंढ्यात त्याने भाव चढतो असं सांगणारे भेटतात. त्या रंगात शिसं असू शकतं, मेटॅनिल यलोसारखा खायला बंदी असलेला रंग असू शकतो. लहान पोरांच्या दुधात आपली हळद जाते. यात 'थोडासा' असं काही नसतं. रंग सापडला तर नोंदणी रद्द होईल आणि पुन्हा होणार नाही. संपूर्ण नियमावलीत माफी नसलेली ही एकच बाब आहे.

तिसरी फवारणी. औषधाचं नाव, तारीख आणि किती, एवढं वहीत लिहिलेलं पुरे. वही नसेल तर औषधाच्या बाटलीचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा, तारीख आपोआप पडते. आणि साठवताना घरात कीड मारायच्या गोळ्या ठेवू नका. त्या गॅसने माणसं दगावतात. खताच्या रिकाम्या गोण्याही नकोत. रिकामे धुतलेले कट्टे केंद्रावरून घेऊन जा, ते फळीवर रचा, भिंतीपासून हातभर लांब.

*'सेंद्रिय' आणि 'वसमत हळद' हे शब्द*

"माझी हळद सेंद्रियच आहे, मी काहीच मारत नाही." खरं असेल. आम्हाला ते मान्यही आहे. पण पाकिटावर तो शब्द छापायचा तर प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी शेतकऱ्यांच्या गटाची पीजीएस-इंडिया पद्धत आहे, कमीत कमी पाच जण लागतात. ज्यांना खरंच त्या वाटेने जायचं आहे त्यांनी केंद्रावर नाव द्या. तोवर दुकानात आपण फक्त 'हळद पावडर' असंच लिहिणार.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही आपल्या भागासाठी मोठी गोष्ट आहे. पण ते नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. आपला भाग तोच आहे म्हणून ते नाव आपोआप आपलं होत नाही. पुरवठादार नोंदणीच्या वेळी त्यासाठीचा अर्जही भरून घेऊ.

*लॉट म्हणजे काय*

तुम्ही एका वेळी दिलेला, एकाच शेतातला, एकाच वेळी शिजवून वाळवलेला माल म्हणजे एक लॉट. त्याला नंबर मिळेल, उदाहरणार्थ ह-०४७-२. 'ह' म्हणजे हळद, ०४७ हा तुमचा पुरवठादार क्रमांक, २ म्हणजे तुमचा दुसरा लॉट. हा नंबर कट्ट्यावर, वजनाच्या पावतीवर, दळणाच्या वहीत आणि पैशाच्या मेसेजमध्ये असेल. दळताना शक्यतो एका वेळी एकच लॉट. लॉट लहान असेल तर जास्तीत जास्त तीन एकत्र करू, आणि कोणते तीन ते लिहून ठेवू.

पाकिटावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की गिऱ्हाइकाला गाव आणि शेतकऱ्याचं नाव दिसेल. हे तुमच्या परवानगीनेच. ज्यांना नाव नको त्यांनी अर्जात खूण करावी, फक्त गाव दिसेल. फोन नंबर कोणाचाच दिसणार नाही. आणि हो, शेतातला फोटो द्याल तेव्हा साधा द्या. मागच्या वेळी एका दादांनी इतका गोरा करून पाठवला की घरच्यांनीच ओळखला नाही.

*माल किती द्यायचा*

सगळा माल लिहून देऊ नका. मी कंपनीचा माणूस असूनही हे सांगतोय. अंदाजे उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच माल ऑनलाइन दुकानासाठी लिहा, बाकी मोंढ्यासाठी मोकळा ठेवा. भाव चढला तर तुम्हाला तिकडे विकता येईल. पण जेवढा लिहिला तेवढा ठरलेल्या आठवड्यात आलाच पाहिजे, कारण तुमचा आकडा धरूनच दुकानात साठा दाखवला जातो. साठा दाखवून माल नसला तर ऑर्डर रद्द कराव्या लागतात, आणि ज्या अॅपवर आपला माल दिसतो तिथे कंपनीची पत घसरते.

अडचण येतेच. कंद कुजतो, बॉयलरचा नंबर लागत नाही, घरात लग्न निघतं. तसं झालं तर पंधरा दिवस आधी एक आवाजी मेसेज टाका : "माझा माल दहा क्विंटलऐवजी सहाच येईल." एवढंच. कोणी रागावणार नाही. आम्ही दुसऱ्या सभासदाला विचारू. गेल्या वर्षी ज्यांच्यावर आम्ही नाराज झालो त्यांचा माल कमी आला म्हणून नाही झालो, शेवटच्या दिवसापर्यंत फोन उचलला नाही म्हणून झालो.

*भाव आणि पैसे*

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य : "दुकानात किलोला ३२० लावता आणि आम्हाला १५० देता." हिशेब उघड करून सांगतो. आकडे समजण्यापुरते धरा, खरे आकडे हंगामात बदलतील.

एक किलो पावडरीला साधारण एक किलो ८० ग्रॅम कांडी लागते असं धरू, कारण निवडताना आणि दळताना घट येते. १५० रुपये दराने ती झाली १६२ रुपयांची. दळाई १२, पाकीट आणि लेबल १४, कुरिअर ६०, पैसे भरायच्या ऑनलाइन व्यवस्थेचं कमिशन ८, परत आलेल्या मालाची तूट ६, पॅकिंगच्या मुली, जाहिरात, फोन यांचे मिळून २०. बेरीज २८२. एमआरपी ३२० मध्ये ५ टक्के जीएसटी म्हणजे सव्वापंधरा रुपये सरकारला गेले. उरले साधारण तेवीस रुपये, तेही सगळी पाकिटं विकली गेली तर. यात सगळ्यात जास्त छळतं ते कुरिअर. गिऱ्हाइकाने घरी पैसे देतो म्हणून मागवलं आणि दारात नको म्हटलं, की जायचं आणि यायचं दोन्ही भाडं आपल्या अंगावर. एका अशा पार्सलने चार-पाच पाकिटांचा नफा जातो. म्हणून या वर्षी घरपोच रोख पद्धत फक्त जुन्या गिऱ्हाइकांसाठी ठेवतोय.

तुमचा दर असा ठरेल : माल पोचला त्या आठवड्यातला बाजार समितीतला सरासरी भाव, त्यावर ओल आणि प्रतवारीप्रमाणे वाढ. हमाली-तोलाई कापली जाणार नाही. वाढ किती ते प्रतवारीचा तक्ता बघून माल देण्याआधी ठरेल, नंतर नाही. तक्ता केंद्रावर लावला आहे.

पैसे. मागच्या हंगामात काही सभासदांना दीड महिना थांबावं लागलं. हे चुकीचं झालं. मोंढ्यात संध्याकाळी पैसे मिळतात आणि कंपनी मात्र गिऱ्हाइकाकडून पैसे यायची वाट बघायला लावते, मग सभासदाने का थांबावं? म्हणून संचालक मंडळाने ठरवलं आहे की माल तपासून घेतल्यापासून तीन दिवसांत ७० टक्के, आणि पंधरा दिवसांत उरलेले ३० टक्के खात्यात जातील, पाकिटं विकली गेलेली असोत वा नसोत. रोख नाही, उचल नाही, फक्त खात्यात. सोळाव्या दिवशी पैसे दिसले नाहीत तर लॉट नंबर लिहून मेसेज करा. तो मेसेज मंडळाच्या पुढच्या बैठकीत वाचला जाईल.

*माल नाकारला तर*

कारण लिहून मिळेल : ओल इतकी, किंवा काडीकचरा इतका, किंवा रंगाचा संशय. नुसतं "चालणार नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. ओल जास्त असेल तर माल घरी नेऊन पुन्हा वाळवून एकदा आणता येईल. नाकारलेला माल मोंढ्यात विकायला काहीच हरकत नाही, पण कंपनीच्या छापील पिशवीत नाही. पुढे गिऱ्हाइकाची तक्रार आली तर ती तुमच्या लॉट नंबरासकट तुम्हालाच आधी पाठवू, गटात टाकणार नाही. तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय पैसे कापले जाणार नाहीत. चांगला अभिप्राय आला तर तोही पाठवू, तो मात्र तुमची हरकत नसेल तर गटातही टाकू. गेल्या महिन्यात नाशिकच्या एका आजींनी लिहिलं की लोणच्याला कित्येक वर्षांनी असा रंग आला. ते पाकीट कोणाच्या हळदीचं होतं हे आम्हाला सांगता आलं नाही, याचं वाईट वाटलं.

कोणी विचारेल, एखादं गिऱ्हाईक थेट शेतावर आलं आणि हळद मागितली तर द्यायची का? जरूर द्या. तुमचा माल आहे. फक्त कंपनीसाठी लिहिलेल्या हिश्श्यातून देऊ नका.

तूर आणि ज्वारीलाही हेच नियम लागतील, फक्त तिथे ओल १२ टक्क्यांपर्यंत चालेल आणि नमुना केंद्रावरच घेतला जाईल. गूळ या वर्षी घेत नाही.

नोंदणी पुढच्या सोमवारपासून दोन आठवडे, सकाळी १० ते १, संकलन केंद्रावर. करार दोन पानांचा आहे, मराठीत. घरी नेऊन वाचा, न समजलेल्या ओळीखाली पेनने रेघ मारून आणा, मग सही करा. ज्यांची हळद अजून शेतात उभी आहे त्यांनी फक्त कागदं आणावीत, नमुन्याचं नंतर बघू. शनिवारी बाजार असल्याने केंद्र बंद राहील.

– खरेदी व पुरवठादार विभाग